काठी तुटली म्हणजे गॅन्डाल्फ हरला का? (सावजीची पैज लागली आहे, लवकर सांगा)

संत्रा_गोळी

राजेहो, एक भांडण सोडवून द्या, नाही तं आमची दोस्ती जाते.

शनिवारी रात्री मनीष नगरात मित्राच्या रूमवर लॉर्ड ऑफ द रिंग्जचा तिसरा भाग लावला होता. लांबवाला, एक्स्टेंडेड एडिशन, चार तासांच्या वर आहे तो, कूलरमध्ये दोनदा बादल्या ओतून झाल्या तरी पिक्चर संपायचं नाव नाही. तं त्यात एक सीन आहे जो थेटरात लागला होता त्या प्रिंटमध्ये नव्हताच. मिनास तिरिथ शहराच्या आत जादूगार गॅन्डाल्फ घोड्यावर आहे, सोबत तो छोटा पिपिन, अन् समोर विच-किंग, म्हणजे मुख्य व्हिलन सॉरॉनचा भुतासारखा सरदार, त्या उडणाऱ्या जनावरावर बसून उतरतो. मारामारी वगैरे काही नाही, सरळ गॅन्डाल्फची काठी फट्टकन फुटते अन् म्हातारा घोड्यावरून खाली. मग मदतीला आलेल्या रोहनच्या घोडेस्वारांचं शिंग वाजते म्हणून विच-किंग निघून जाते, नाही तं तिथंच कार्यक्रम झाला असता.

आता मित्र म्हणते की हा तं पांढरा झाल्यानंतरचा गॅन्डाल्फ आहे ना बे, मरून अपग्रेड होऊन आलेला, अन् तरी नोकरासमोर काठी गेली. म्हणजे विच-किंग जास्त पॉवरफुल, विषय संपला. मी म्हणून राहिलो की असं होऊच शकत नाही, ज्यानं बालरॉग नावाच्या आगीच्या राक्षसाला मारलं तो एका भुताला काहून भिणार. पण माझ्याकडे पुरावा नाही, मी पुस्तक अर्धंच वाचलं आहे (गाणी आली की पानं पलटवतो, शिव्या देऊ नका).

हरणाऱ्यानं सावजी खाऊ घालायचं ठरलं आहे. मटण, खूर, सगळं. सांगा पटकन.

कोराडी_युनिट_आठ

भाऊ पैज जिंकली समज. पुस्तकात हा सीन असा नाहीच.

पुस्तकात काय होते ते सांगतो. १५ मार्च, तिसऱ्या युगाचं साल ३०१९, पहाट व्हायची आहे, शहराचा दरवाजा फुटला आहे अन् विच-किंग एकटा आत येतो, घोड्यावर, जनावरावर नाही. सगळे पळून गेलेले, एकटा गॅन्डाल्फ आपल्या शॅडोफॅक्स घोड्यावर बसून आडवा उभा, हलतसुद्धा नाही. विच-किंग त्याला म्हातारा मूर्ख म्हणते, तलवार उचलते, तिच्या पात्यावर जाळ चढतो. अन् नेमका तेव्हाच शहरात कुठं तरी एक कोंबडा आरवतो. त्याला ना युद्धाचं घेणं ना जादूचं देणं, उजाडलं म्हणून आरवला. अन् त्याच्या मागून रोहनची शिंगं. विच-किंग वळतो अन् निघून जातो. बस. एक फटका नाही, काठी नाही, काही नाही. लिहिणाऱ्यानं, म्हणजे टॉल्किननं, तो सामना होऊच दिला नाही.

आता काठीचं. पुस्तकात गॅन्डाल्फची काठी तुटते, पण दुसऱ्या जागी. मोरियाच्या भुयारातल्या पुलावर बालरॉगसमोर तो काठी आपटतो, तेव्हा पूलही तुटतो अन् काठीचेही दोन तुकडे. ही तारीख १५ जानेवारी. म्हणजे बरोब्बर दोन महिने आधी. पिक्चरमध्ये ती तिथं तुटलेली दाखवली नाही म्हणून लोकांना वाटते की काठी म्हणजे बॅटरी, ती गेली की मोबाइल बंद. पण काठी तुटल्यावर तो त्याच बालरॉगशी खाली पाताळापासून डोंगराच्या शेंड्यापर्यंत लढला अन् २५ तारखेला त्याला खाली फेकून दिलं, मग स्वतः मेला. दहा दिवस बिनकाठीचा. तुझ्या मित्राला हे सांग अन् खूर दोन प्लेट मागव.

दुसरं, मी वीजवाला माणूस आहे त्यामुळे मला हे सगळं लोडच्या भाषेत दिसते, सहन करा. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन युनिट आहेत. तेवढी वीज बाजूलाच बनते म्हणून तुझ्या मित्राच्या रूममध्ये काय येते? २३० व्होल्ट, सिंगल फेज, अन् बिलावर लिहिलेला मंजूर भार. त्याच्यावर गेला की ट्रिप. गॅन्डाल्फचं तेच आहे. हे पाच जादूगार साधारण साल १००० मध्ये समुद्रापलीकडून पाठवले गेले, अन् पाठवणाऱ्यांनी ताकीद दिली होती की शत्रूच्या ताकदीशी ताकद भिडवायची नाही, लोकांना धाक दाखवून चालवायचं नाही. म्हाताऱ्याच्या शरीरात टाकलं, भूक लागते, थकवा येतो. मूळ जनरेशन किती ते आपल्याला दिसतच नाही, दिसते तो मंजूर भार.

नो_बॉल_फ्री_हिट

मला हे असले बचाव पटत नाहीत, सॉरी. हिरो जिंकला की "बघा किती पॉवरफुल" आणि हरला की "त्याला मनाई होती". नाचता येईना अंगण वाकडं. असं म्हटलं तर मग गल्लीतला कोणताही पोरगा म्हणेल की मी शंभर मारले असते पण आईनं सांगितलं होतं की जोरात मारू नको.

आणि पुस्तकच काढलं आहे तर अर्धं काढू नका. वेदरटॉपच्या टेकडीवर नाझगुलांनी, म्हणजे विच-किंगच्या टोळीनं, गॅन्डाल्फला रात्रभर घेरलं होतं, एवढा जाळ आणि उजेड की फ्रोडो (अंगठी सांभाळणारा हॉबिट) आणि मंडळींना लांबून आकाशात चमकताना दिसलं, आणि शेवटी सूर्य उगवल्यावर तो तिथून निसटला. निसटला, जिंकला नाही. आणि मिनास तिरिथचा कारभारी डेनेथॉर त्याला तोंडावर विचारतो की तू त्या काळ्या सरदाराला, म्हणजे विच-किंगला, पुरा पडत नाहीस म्हणून माघारी आलास का, तर गॅन्डाल्फ नाही म्हणत नाही, म्हणतो असेलही तसं, पण आमची परीक्षा अजून व्हायची आहे. स्वतः जादूगार "असेलही" म्हणतोय आणि तुम्ही इथे त्याच्यासाठी खूर मागवताय.

माझ्या मते सामना बरोबरीचा होता. पिक्चरवाल्यानं फक्त एका बाजूला जास्त झुकवला, कारण रोहन यायच्या आधी प्रेक्षकांना सगळं संपलं असं वाटायला पाहिजे. हिरोला खाली पाडल्याशिवाय घोडेस्वारांची एन्ट्री उठत नाही, इतकंच.

कोराडी_युनिट_आठ

वेदरटॉपचा मुद्दा मान्य. पण तो करडा गॅन्डाल्फ, मरायच्या आधीचा, अन् समोर एक नाही, घोळका. अन् दिवसा ते त्याला पाहून मागे सरकले होते, ते का नाही सांगितलं? रात्र झाल्यावर हिंमत आली.

इतवारीची_काकू

अरे पोट्टेहो, माझ्या मुलानं ही लिंक पाठवली, म्हणे आई तुझा विषय आहे. मी त्या टॉल्किनची पुस्तकं मुलीच्या हट्टापायी वाचली, साठी उलटल्यावर, आणि मला तर ती आपल्याच घरातली वाटली.

काठीवरून भांडता आहात तर वसिष्ठ-विश्वामित्र आठवा. विश्वामित्र तेव्हा राजा होता, कामधेनू पाहिजे म्हणून हटून बसला, सैन्य गेलं, मुलं गेली, मग महादेवाची तपश्चर्या करून एकूण एक अस्त्रं मिळवून परत आला आणि आश्रम जाळायला सुरुवात केली. वसिष्ठांनी काय केलं? आपला दंड पुढे धरला. एकामागून एक अस्त्र आलं आणि त्या दंडानं गिळलं. ब्रह्मास्त्रसुद्धा. वसिष्ठांनी उलट एक अस्त्र सोडलं नाही हे लक्षात घ्या. आता तुमच्या हिशोबानं पॉवर कोणाची जास्त? अस्त्रांची यादी मोजली तर विश्वामित्राची. आणि त्या दिवशी हरून त्याला जे कळलं त्यापायी तो राज्य सोडून परत तपाला बसला, पुढे ब्रह्मर्षी झाला. म्हणजे व्हिलनच फॅन झाला म्हणा.

तुमच्या गोष्टीतली काठी मात्र तशी नाही, हे कोराडीवाल्या बाळानं बरोबर सांगितलं. ती अधिकाराची खूण आहे. फितूर झालेल्या जादूगार सारुमानची काठी गॅन्डाल्फ एका शब्दात मोडतो ना, तेव्हा तो त्याला जादूगारांच्या मंडळातून काढतो आहे. ते बडतर्फीचं पत्र आहे. आता विच-किंगला गॅन्डाल्फला बडतर्फ करायचा अधिकार कोणी दिला? म्हणून मला तो पिक्चरमधला प्रसंग खटकला. ताकद कमी-जास्त दाखवा, माझं काही म्हणणं नाही, पण शिपायानं येऊन कलेक्टरचा शिक्का मोडला असं झालं ते.

आणि मनाई होती हा बहाणा कसा रे? महाभारतात श्रीकृष्ण हातात शस्त्र धरणार नाही म्हणून सांगूनच रथावर बसला. भीष्मांनी अर्जुनाला असं काही भाजून काढलं की तो चाक घेऊन धावला, अर्जुनानं पाय धरून थांबवलं. तिथं आपण श्रीकृष्णाची पॉवर किती हे विचारत नाही, तो शब्द मोडतो की पाळतो याच्यावर श्वास रोखून बसतो. ताकदीपेक्षा ते बघण्यात जास्त मजा आहे.

विच-किंगचं म्हणाल तर त्याचा शेवट बघा ना. पुरुषाच्या हातून मरणार नाही असं भाकीत, आणि मारलं कोणी, एका मुलीनं आणि एका बुटक्या हॉबिटनं. आमच्या हिरण्यकश्यपूनं एवढ्या अटी घालून वर घेतला, तरी उंबरठ्यावर नरसिंह आलाच. वर मागणाऱ्याची यादी कितीही लांब असो, कुठं तरी गाळलेली जागा राहतेच.

संत्रा_गोळी

काकू तुम्ही तं सिक्सरच मारला. शिपाई अन् कलेक्टर, हे मी आजच त्याला ऐकवतो. म्हणजे पैज मी जिंकलो असं पकडू ना?

कूलरचं_पाणी_मीच_भरलं

थांबा थांबा. मी तो मित्र.

राजेहो या पोट्ट्यानं तुम्हाला पैज चुकीची सांगितली. आमची पैज विच-किंगवर लागलीच नव्हती. मी म्हटलं होतं, नोकरासमोर हा हाल तं मालकासमोर काय टिकणार, म्हणजे सॉरॉन विरुद्ध गॅन्डाल्फ, एकास एक, मैदानात. त्यावर हा म्हणाला टिकेल, अन् मी म्हटलं दोन मिनिटं टिकणार नाही. आता त्यात हरायची पाळी आली म्हणून इथं येऊन सोपा पेपर सोडवून राहिला आहे. अन् डेनेथॉर जळत होता तेव्हा हा गादीवर घोरत होता, हे पण लिहून ठेवा.

काकू नमस्कार, तुमचं मारबतीपेक्षा जास्त ऐकून राहिलो, पण सॉरॉनवर सांगा.

नो_बॉल_फ्री_हिट

हाहाहा. पैजच बदलली. डीआरएस घ्या.

कोराडी_युनिट_आठ

अबे मग हे आधी सांगायचं ना, हा तं खरा विषय आहे. ड्युटी संपवून आरामात लिहितो.

(दोन तासांनी) हं. तं पहिले हे की दोघंही एकाच जातकुळीचे आहेत, मायार, देवांचे मदतनीस म्हणा. सॉरॉन आउले देवाच्या कारखान्यातला, घडवणारा, सोनार-लोहार डोक्याचा. गॅन्डाल्फचं मूळ नाव ओलोरिन, तो दया शिकलेला. अन् या दोघांमध्ये कोण मोठं हे गॅन्डाल्फला स्वतःला माहीत होतं. १९८० साली लेखकाच्या मुलानं अपुऱ्या राहिलेल्या कथा छापल्या, त्यात आहे, की पाठवायची वेळ आली तेव्हा देवांचा राजा मान्वेनं ओलोरिनला बोलावलं तं हा म्हणते माझ्यात तेवढा दम नाही अन् मला सॉरॉनची भीती वाटते. मान्वे म्हणते, मग तं तुलाच गेलं पाहिजे. त्यामुळे कागदावर सॉरॉन भारी, इथं तुझा मित्र बरोबर आहे.

आता रेकॉर्ड बघ. सॉरॉन हा काही अजिंक्य माणूस नाही. पहिल्या युगात, अंगठी (जिच्यात त्यानं आपली ताकद ओतली ती) बनवायच्या पुष्कळ आधी, हुआन नावाच्या शिकारी कुत्र्यानं त्याला गळ्याला धरून जमिनीवर दाबला होता, राजकन्या ल्यूथियन समोर उभी होती, किल्ला सोडून उडत पळाला. दुसऱ्या युगाच्या शेवटी गिल-गलाद अन् एलेंडिल या दोन राजांनी मिळून त्याला पाडला, तेव्हा अंगठी त्याच्या बोटात होती. दोघेही मेले पण पाडला. पिक्चरमध्ये एलेंडिलचा पोरगा इसिल्दुर तुटक्या तलवारीनं लक बाय चान्स बोट कापते तसं नाही ते, पाडल्यानंतर कापलं. अन् तिसऱ्या युगात साल २०६३ मध्ये करडा गॅन्डाल्फ एकटा डोल गुल्दुर किल्ल्यावर बघायला गेला की इथं आहे तरी कोण, तं सॉरॉन ओळख पटू नये म्हणून पूर्वेला पळून गेला. जवळपास ४०० वर्षं परत आला नाही. आता याला भीती म्हणा नाही तं डाव म्हणा, पण म्हातारा आला अन् मालक मागच्या दारानं गेला हे झालं आहे.

पण खरा सामना, एकास एक, तो पुस्तकात आहे अन् शंभरातले नव्वद लोक तो वाचून पुढे जातात कारण तिथं ना तलवार ना काठी. आमोन हेनच्या टेकडीवर फ्रोडो अंगठी घालून बसला आहे, सॉरॉनचा डोळा त्याला शोधत शोधत अगदी जवळ आला, अन् अचानक फ्रोडोच्या डोक्यात दुसरा एक आवाज येतो की काढ ती, मूर्खा, काढ. तारीख २६ फेब्रुवारी. गॅन्डाल्फ मरून परत आल्याला जेमतेम बारा दिवस झाले. मग फँगॉर्नच्या जंगलात तो फ्रोडोचा सोबती अॅरागॉर्नला सहज सांगून जातो की मी एका उंच जागी बसून काळ्या मनोऱ्याशी (म्हणजे सॉरॉनशी) झुंजत होतो, सावली पुढे सरकून गेली, अन् मी फार थकलो, फार. एवढंच. मनानं मनाशी. क्षणभर फ्रोडो दोघांच्या मधोमध लोंबकळत होता, अन् अंगठी त्यानं स्वतः काढली.

तं "दोन मिनिटं टिकणार नाही" हे खोटं ठरते. टिकला. अन् "हरवलं असतं" हेही खोटं, कारण त्यात तो थकून गेला, सॉरॉनचं काही वाकडं झालं नाही.

नो_बॉल_फ्री_हिट

हे आमोन हेनचं मी तीनदा वाचलंय आणि तो आवाज गॅन्डाल्फचा आहे हे मला तिसऱ्यांदा कळलं. कबूल. पण मग अंगठी सॉरॉनच्या बोटात नसताना तो अर्धा होता असं धरायचं का? म्हणजे अर्ध्या सॉरॉनसमोर पूर्ण गॅन्डाल्फ?

कोराडी_युनिट_आठ

नाही, तसं नाही ते. लेखकानं पत्रात लिहिलं आहे की अंगठी आहे तोवर, बोटात नसली तरी, तो कमी होत नाही, जोडलेला राहतो. बोटात असली की वाढतो. दुसऱ्या कोणी ताब्यात घेऊन मालकी सांगितली की मग वांधे.

इतवारीची_काकू

म्हणजे राक्षसाचा प्राण पोपटात. लहानपणी आजीनं सांगितलेली गोष्ट, सात समुद्रांपलीकडे पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, पोपटाची मान मुरगळली की इकडे राक्षस गडगडला. लहानपणी मला प्रश्न पडायचा की एवढा मोठा राक्षस, त्याला आपला जीव आपल्याजवळ ठेवता आला नाही? तर नाही. त्याला स्वतःहून मोठं व्हायचं असतं आणि ते अंगात मावत नाही, म्हणून बाहेर ठेवावं लागतं.

आणि मारबतीचं नाव काढलंस म्हणून सांगते. आमच्या गल्लीवरून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत जाते, मी लग्न होऊन आले तेव्हापासून गॅलरीतून बघते आहे. वर्षभराची सगळी इडापिडा, रोगराई, महागाई, त्या एकटीच्या अंगावर चढवतात आणि घेऊन जा गे मारबत म्हणत शेवटी जाळून टाकतात. आता आपण मुद्दाम करतो ते, सगळं एका ठिकाणी गोळा केलं की जाळायला सोपं पडतं. हा सॉरॉन स्वतःहून स्वतःची मारबत करून बसला, आणि वर ती हरवली. गॅन्डाल्फनं उलट केलं. त्याच्याकडेही अंगठी होती की, नार्या, आगीची, कीर्दाननं दिलेली, पण ती लोकांच्या मनात धग पेटवायला वापरली. थेओडेन राजा उठून उभा राहिला, अॅरागॉर्न उभा राहिला. त्याची ताकद अशी शंभर घरी ठेवलेली. कोणता पोपट पकडाल?

कूलरचं_पाणी_मीच_भरलं

काकू, हे ऐकायला भारी आहे पण मैदानात दोघंच उभे असतील तं शंभर घरी ठेवलेलं काय कामाचं. मी अजून माझ्याच बाजूनं आहे.

बरं एक सांगा, फ्रोडो पहिल्यांदा अंगठी द्यायला गेला होता तेव्हा गॅन्डाल्फनं घेतली असती तं?

कोराडी_युनिट_आठ

याचं उत्तर लेखकानंच देऊन ठेवलं आहे, १९६३ च्या एका पत्रात. अंगठी हातात घेऊन सॉरॉनला समोरासमोर नमवण्याची शक्यता असलेला एकच जण, गॅन्डाल्फ, कारण दोघांची जात एक. पण त्याच पत्रात पुढे हेही आहे की अंगठीचा मालक झालेला गॅन्डाल्फ सॉरॉनपेक्षा किती तरी वाईट निघाला असता. सॉरॉन वाईट करतो ते वाईट म्हणून दिसते तरी. हा सगळं तुमच्या भल्यासाठीच करत राहिला असता, अन् चांगलं या शब्दाचीच किळस आली असती.

म्हणून तं तो फ्रोडोला म्हणतो ना, की देऊ नको मला, दयेच्या वाटेनं ती माझ्यात शिरेल.

इतवारीची_काकू

हे वाचून अंगावर काटा आला बाई.

संत्रा_गोळी

म्हणजे जिंकला असता, पण मग आपल्याला सॉरॉन बरा वाटला असता. आता ही पैज कोण जिंकलं समजायचं?

नो_बॉल_फ्री_हिट

विच-किंगवर बरोबरी. सॉरॉनवर, अंगठीशिवाय: टिकतो पण जिंकत नाही. तू "टिकेल" म्हणाला होतास, तो "दोन मिनिटं टिकणार नाही" म्हणाला होता. शब्दाशब्दानं बघितलं तर तू जिंकलास. पैज बदलून सांगितल्याबद्दल पेनल्टी म्हणून बिलातला रस्सा तुझ्याकडे.

कूलरचं_पाणी_मीच_भरलं

पत्रं पुस्तकात मोजायची का हा वेगळा मुद्दा आहे, पण आमोन हेनवालं पुस्तकात आहे म्हणून मानलं. शनिवारी रात्री मटण माझ्याकडून. काकू तुम्ही पण या, तुम्ही मटण खात नसाल तं पाटवडी सांगतो.

इतवारीची_काकू

कोण म्हणालं खात नाही?